कंपनीच्या खर्चाने एम.टेक.

नोकरी सांभाळून पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे, तेही कंपनीच्या पैशाने, याच्या वाटा दोन. आयआयटीतल्या ‘स्पॉन्सर्ड’ जागेसाठी कंपनीने तुम्हाला पूर्णवेळ मोकळे करावे लागते. बिट्स पिलानीच्या नोकरदारांसाठीच्या अभ्यासक्रमात मात्र खुर्ची सोडावी लागत नाही. शेवटच्या सत्रातला प्रबंधही कामाच्याच विषयावर करता येतो. अर्जासोबत कंपनीचे संमतिपत्र लागते आणि कंपनीतलाच एक मार्गदर्शक. खरी गाडी इथेच अडते. साहेब तोंडी ‘हो’ म्हणतात, एचआरची सही मात्र महिनाभर येत नाही. म्हणून प्रवेशाची जाहिरात येण्याआधीच विचारून ठेवावे. विनंतीपत्रात स्वतःच्या प्रगतीचे पाल्हाळ नको, शिकलेले कोणत्या प्रकल्पात वापरणार ते लिहावे.

फीबरोबर बहुधा बाँडही येतो. मुदतीआधी नोकरी सोडल्यास किती रक्कम भरायची, ती वर्षागणिक कमी होते का, कंपनीनेच काढून टाकले तर काय, हे सहीपूर्वी वाचावे. वाद न्यायालयात गेलाच, तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 नुसार वाजवी भरपाईच मिळते. बाँडमधला आकडा ही तिची कमाल मर्यादा.