नाणं कुठे गेलं हे कळल्यावर

तर झालं असं, की गेल्या वर्षीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, आमच्या लॅबला शाळेतल्या मुलांसमोर काहीतरी करून दाखवायचं होतं. माझा पीएचडीचा विषय आहे 'लक्ष'. आपण कशाकडे लक्ष देतो आणि त्यापायी समोरचं काय काय आपल्याला दिसतच नाही, असा साधारण मामला. गाइड म्हणाल्या, "स्लाइड्स नकोत गं, मुलं झोपतील. त्यापेक्षा एखादी जादू शीक." म्हणून मी नाणं गायब करायला शिकले. सहा आठवडे, रोज रात्री, हॉस्टेलच्या बेसिनवरच्या आरशासमोर.

विज्ञान दिन छान पार पडला. पंचाईत झाली ती मे महिन्यात.

माझ्या आजोबांना आम्ही अण्णा म्हणतो. एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे बोटांना सुट्ट्या पैशांची सवय. घरात कुठलंही लहान मूल आलं, की अण्णा रुपयाचं नाणं काढणार, मुठीत घेणार, मुलाला मुठीवर फुंकर मारायला लावणार. मूठ उघडली की नाणं गायब, आणि मग ते त्याच मुलाच्या कानामागून निघणार. मी चार-पाच वर्षांची असल्यापासून हे बघत आलेय. मोठी झाल्यावर ही हातचलाखी आहे हे अर्थातच कळलं होतं, पण नाणं जातं कुठे ते कधी दिसलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी कधी शोधलंही नव्हतं.

मे महिन्यात वाईला गेले तेव्हा अण्णा माझ्या भाचीला तीच जादू दाखवत होते. आणि या वेळी मला नाणं दिसलं. ते कुठे गेलंच नव्हतं. डाव्या हातात होतं, तिथेच राहिलं होतं.

भाची टाळ्या पिटत होती आणि मला घरातलं काहीतरी आपल्याच हातून फुटल्यासारखं वाटलं. वीस वर्षांहून जास्त पुरलेली गोष्ट, सहा आठवड्यांत संपली.

जादू शिकली की जादू बघण्याची मजा जाते का? परत येताना गाडीत हाच प्रश्न डोक्यात होता, आणि आल्या आल्या मी पेपर शोधायला बसले. (आमच्याकडे वाईट वाटलं की लोक पेपर वाचतात.)

डोळे फसत नाहीत, मग कोण फसतं?

जादू आणि मानसशास्त्र यांची ओळख जुनी आहे. बुद्धिमापनाच्या चाचण्यांमुळे आपल्याला माहीत असलेले फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रे बिने यांनी १८९४ मध्येच जादूगारांच्या हातचलाखीवर अभ्यास करून लिहिलं होतं. १९०० साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांनी शाळकरी मुलांसमोर चेंडू खरोखर वर फेकून दाखवला आणि मग एकदा नुसतं फेकल्यासारखं केलं. चेंडू हातातच होता. तरी बऱ्याच मुलांनी सांगितलं, की चेंडू वर गेला आणि हवेत नाहीसा झाला.

हाच प्रयोग २००६ मध्ये गुस्ताव कून आणि मायकल लँड यांनी नव्याने केला. कून हे मानसशास्त्रज्ञ आहेत आणि स्वतः जादूगारही. त्यांनी दोन व्हिडिओ केले. दोन्हींत चेंडू दोनदा खरा वर जातो आणि तिसऱ्यांदा हातातच राहतो. फरक एवढाच, की एका व्हिडिओत जादूगार तिसऱ्या वेळीही मान वर करून, जणू चेंडू जातोय असं बघतो. दुसऱ्यात तो स्वतःच्या हाताकडे बघतो. पहिल्या व्हिडिओत ६८ टक्के लोकांना चेंडू वर जाताना 'दिसला'. दुसऱ्यात हे प्रमाण ३२ टक्क्यांवर आलं. हाताची हालचाल दोन्हींत तीच, फक्त नजर बदलली होती.

आता खरी गंमत पुढे आहे. हे लोक कुठे बघत होते तेही डोळ्यांचा माग ठेवणाऱ्या यंत्राने नोंदवलं होतं. चेंडू खरा वर जायचा तेव्हा त्यांचे डोळे वर जात. खोट्या फेकीला मात्र, ज्यांनी "वर गेलेला पाहिला" म्हणून सांगितलं त्यांचेही डोळे बहुतेक वेळा तिथे गेलेच नव्हते! ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे बघत होते. म्हणजे डोळे फसले नव्हते. फसला तो मेंदूचा अंदाज.

मेंदूला हे अंदाज का बांधावे लागतात? कारण डोळ्यांतून आलेल्या संकेतांवर काम करायला वेळ लागतो, साधारण सेकंदाचा दहावा भाग. धावत्या चेंडूच्या बाबतीत तेवढा उशीर परवडत नाही, कॅच सुटेल. म्हणून मेंदू "आता चेंडू इथे असेल" असं धरून चालतो, आणि समोरच्या माणसाची नजर हा त्याला भरवशाचा पुरावा वाटतो. जादूगार या भरवशावरच जगतो.

शिकणाऱ्याचं काय बदलतं?

मी शिकले त्या प्रकाराला फ्रेंच ड्रॉप म्हणतात. डाव्या हाताच्या बोटांत नाणं धरायचं, उजवा हात त्यावर आणायचा आणि घेतल्यासारखं करायचं. नाणं मात्र डाव्या तळहातात पडू द्यायचं. यात गुपित म्हणावं असं एवढंच, एका वाक्यात संपलं. इंटरनेटवर दहा सेकंदांत मिळेल. आणि ऐकल्यावर बहुतेक जण काय म्हणतात? "हॅ, एवढंच?"

हे 'एवढंच?' महत्त्वाचं आहे. जादूचा परिणाम डोंगराएवढा असतो आणि युक्ती उंदराएवढी. नुसतं गुपित सांगितलं की फक्त उंदीर हातात येतो. मला सुरुवातीला वाटलं, वाईला माझंही हेच झालं. पण नीट आठवून बघितलं तर तसं नव्हतं. गुपित तर मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पुढचे सहा आठवडे मी गुपित शिकत नव्हते, हात शिकत होते.

कारण पहिल्या आठवड्यात आरशातली मुलगी उघड खोटं बोलत होती. नाणं नसलेली उजवी मूठ पोकळ दिसायची. नाणं असलेला डावा हात ताठ व्हायचा. आणि डोळे नको तेव्हा डाव्या हाताकडे जायचे. यावर उपाय असा, की आधी वीस वेळा नाणं खरंच उजव्या हातात घ्यायचं, ते घेताना खांदा, मनगट, नजर काय करते ते बघायचं आणि मग तेच खोटं करायचं. खोटं नीट यायला आधी खरं काय असतं ते बघावं लागतं. नाणं उचलताना आपण काय करतो, हे मी त्याआधी आयुष्यात बघितलं नव्हतं.

कळणं आणि करता येणं यांत फरक पडतो का, यावर एक सुंदर संशोधन आहे, पण ते जादूवर नाही, नाचावर आहे. बियाट्रिझ काल्वो-मेरिनो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बॅले नर्तकांना आणि कपोएरा या ब्राझिलियन प्रकारात तयार असलेल्यांना दोन्ही प्रकारांचे व्हिडिओ दाखवले आणि त्या वेळी त्यांचे मेंदू स्कॅन केले. जो प्रकार स्वतःला येतो तो बघताना हालचालीशी संबंधित भाग जास्त जागे झाले. मग शंका आली, की हा नुसता सरावाने बघण्याचा परिणाम तर नसेल? म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी बॅलेतल्या अशा हालचाली घेतल्या ज्या फक्त पुरुष किंवा फक्त स्त्रिया करतात. एकत्र तालीम करत असल्याने बघायची सवय दोघांनाही सारखीच, पण अंगात भिनलेली फक्त आपापली. तरीही स्वतः करतात त्या हालचालींना हे भाग जास्त प्रतिसाद देताना दिसले.

जादूला हे जसंच्या तसं लावता येणार नाही. पण माझा अनुभव याच्याशी जुळतो. अण्णांचा हात फिरला तेव्हा मी काही शोधत नव्हते. माझ्याच बोटांना ते ओळखीचं वाटलं.

जास्त माहिती असलेला माणूसही फसतो

मग ज्याला सगळं येतं त्याच्यासाठी जादू कायमची संपली का? इथे हॅरी हुदिनीची गोष्ट आठवते. कुठलाही खेळ तीनदा बघितला की तो कसा केला ते मी सांगेन, अशी हुदिनीची फुशारकी होती. १९२२ मध्ये शिकागोत डाय व्हर्नन नावाच्या तरुण जादूगाराने त्याला पत्त्यांची जादू दाखवली. हुदिनीचं पान गड्डीत वरून दुसरं ठेवायचं आणि लगेच ते सगळ्यात वर निघायचं. तीनदा झालं, त्याहून जास्त वेळा झालं, हुदिनीला सांगता आलं नाही. पुढे व्हर्नन 'हुदिनीला फसवणारा माणूस' म्हणूनच प्रसिद्ध झाला.

हुदिनीला कमी माहिती होती असं थोडंच आहे? मला वाटतं, त्याची माहितीच आड आली असावी. सिरिल तोमा आणि आंद्रे दिदिएजाँ यांचा २०१६ चा एक अभ्यास याच अंगाने वाचता येतो. त्यांनी पत्त्यांचा खेळ दाखवण्याआधी काही लोकांच्या डोक्यात एक चुकीचं उत्तर घातलं: जादूगार म्हणे हातवाऱ्यांनी तुमच्या निवडीवर प्रभाव टाकतो. खरं उत्तर याहून सोपं होतं. पण एकदा ते चुकीचं उत्तर ऐकल्यावर, "दुसरं काही सुचतंय का बघा" असं सांगूनही लोकांना सोपं उत्तर सापडणं अवघड झालं. जादूगाराच्या डोक्यात अशी उत्तरं शेकड्याने असतात. दुसऱ्या जादूगाराने यातल्याच एका उत्तराचा वास दिला की झालं!

अमेरिकन तत्त्वज्ञ जेसन लेडिंग्टन यांनी जादूच्या अनुभवावर लिहिलंय. मी समजले ते असं: नाटक बघताना आपण अविश्वास बाजूला ठेवतो. जादू बघताना उलट तो घट्ट धरून बसावा लागतो. "हे शक्य नाही" हे पक्कं माहीत असल्याशिवाय जादू होतच नाही. तान्ह्या बाळासमोर नाणं गायब करून बघा, त्याला त्याचं काही नसतं. म्हणजे ज्ञान हे आश्चर्याचं शत्रू नाही, ते आश्चर्याची अट आहे. शिकल्यावर ही अट कडक होते, इतकंच. साध्या खेळाला दाद मिळत नाही, पण जो खेळ त्या कडक अटीतूनही सुटतो, तो बघताना शिकलेल्या माणसाचा आ जास्त मोठा होतो.

पुन्हा वाई

दिवाळीत परत गेले. या वेळी ठरवून बघितलं, पण नाणं सोडून बाकीचं. आणि लक्षात आलं, की अण्णा उजवा हात मिटतात त्याच क्षणी मुलाला विचारतात, "तुझं नाव काय रे?" प्रश्न विचारला की मूल तोंडाकडे बघतं. कून यांच्या व्हिडिओतले लोकही चेहऱ्याकडेच बघत होते! मग अण्णा स्वतः त्या रिकाम्या मुठीकडे इतक्या जपून बघतात, की क्षणभर मलाही वाटलं, आहे बहुतेक तिथे. डाव्या अंगठ्याचा सांधा आता दुखतो, तो नीट मिटत नाही, म्हणून तो हात ते सहज गेल्यासारखा धोतराच्या घडीवर टेकवतात. मे महिन्यात मला नाणं दिसलं होतं, पण यातलं काहीच दिसलं नव्हतं.

मुलं पांगल्यावर अण्णा म्हणाले, "तुला दिसतंय ना आता?"

मला खोटं बोलायचं होतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर मला फसवलं त्याच्याशी ते जमेना. "हो," म्हटलं.

"मग सांग की, कुठून दिसतं?"

मी सांगितलं. डावीकडे बसलेल्याला करंगळीच्या फटीतून नाण्याची कड दिसते. त्यांनी दोनदा करून बघितलं, खुर्ची थोडी भिंतीकडे वळवली आणि विचारलं, "आता?"

नाही दिसलं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर एखाद्या जादूचा व्हिडिओ घ्या. पहिल्यांदा नुसता बघा. दुसऱ्यांदा फक्त जादूगाराचे डोळे बघा, हात नाही. मग एक रुपयाचं नाणं घेऊन आरशासमोर आठवडाभर उभे राहा आणि तिसऱ्यांदा बघा. काय दिसलं ते मला नक्की कळवा. फक्त घरातल्या लहान मुलांना सांगू नका.