वर्गातील उबवणी : बदक आणि कोंबडीची पिल्ले एकत्र

अमेरिका आणि ब्रिटनमधील अनेक प्राथमिक शाळांत मुलांना दाखवण्यासाठी वर्गातच अंडी उबवली जातात. अमेरिकेत 'फोर-एच' ही मुलांची चळवळ आणि विद्यापीठांची विस्तार केंद्रे हा कार्यक्रम राबवतात. ब्रिटनमध्ये तो धंदाही आहे. उबवणी यंत्र, अंडी, पिल्लांची पेटी आणि खाद्य शाळेला भाड्याने दिले जाते व साधारण दोन आठवड्यांनी पिल्लांसह सर्व सामान परत नेले जाते. कोंबडीबरोबर बदकाची अंडीही मागणारे शिक्षक असतात. आपल्याकडील अंडी-पिल्लांच्या व्यापाऱ्यांनी आणि पत्रेकाम, सुतारकाम करणाऱ्या कारागिरांनी या धंद्याचे गणित समजून घेण्यासारखे आहे.

कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, बदकाचे २८ दिवसांत. म्हणून बदकाची अंडी एक आठवडा आधी ठेवावी लागतात. १ तारखेला बदकाची आणि ८ तारखेला कोंबडीची अंडी ठेवली, तर दोन्ही २९ तारखेच्या सुमारास फुटतात. दोन्ही मुदती पूर्ण आठवड्यांच्या असल्याने मंगळवारी ठेवलेले अंडे मंगळवारीच फुटायला येते. शाळेची सुट्टी टाळणे त्यामुळे सोपे जाते. मात्र मस्कोव्ही जातीच्या बदकाला ३५ दिवस लागतात. अंडी घेताना जात विचारून घ्यावी.

पंखा असलेल्या यंत्रात दोन्हींना सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस उष्णता चालते. अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवावीत. शेवटचे तीन दिवस फिरवणे बंद करून ओलावा वाढवावा. सातव्या दिवशी अंधारात दिव्यासमोर धरून अफलित अंडी काढून टाकावीत. खाण्यासाठी विकली जाणारी फार्मची अंडी येथे चालत नाहीत, कारण तेथील माद्यांत नर ठेवलेला नसतो.

खरी अडचण पिल्ले बाहेर आल्यावर सुरू होते. बदकाचे पिल्लू नाकपुड्या धुण्यासाठी चोच पाण्यात बुडवते आणि पाणी सांडते. गादी भिजली की कोंबडीची पिल्ले गारठतात, रक्ती हगवणीचा धोका वाढतो. बदकाला पुरेल इतक्या खोल भांड्यात कोंबडीचे पिल्लू बुडून मरू शकते. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांनंतर पेटीत जाळीचा पडदा घालून दोन भाग करावेत. बदकाचे भांडे जाळी लावलेल्या पत्र्याच्या तबकावर ठेवावे, म्हणजे सांडलेले पाणी खाली साठते. अशी पेटी आणि तबक आपला कोणताही कारागीर बनवू शकेल. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३३ ते ३५ अंश उष्णता असावी, पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करावी.

बदकाच्या पिल्लांना नियासिन हे जीवनसत्त्व जास्त लागते. ते कमी पडले की पाय अधू होतात. बुरशी लागलेली भुईमूग पेंड तर त्यांना विषच आहे.

आरोग्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पिल्लांपासून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती पिल्ले देऊ नयेत. इतरांनी हात साबणाने धुवावेत. २००६ साली नवापूरच्या कोंबडीपालकांचे बर्ड फ्लूने केवढे नुकसान झाले, हे आपण जाणतो. बदके आजारी न दिसताही हा विषाणू बाळगू शकतात. साथीच्या काळात हा कार्यक्रम बंदच ठेवावा.

भाडे ठरवताना यंत्राची झीज, वाया जाणारी अंडी, दोनदा वाहतूक आणि परत आलेल्या पिल्लांचे संगोपन हा सारा खर्च धरावा. पिल्लांत निम्मे नर निघणार, त्यांना अंड्यांसाठी गिऱ्हाईक नाही. पुढे पिल्लांचे काय होते, या प्रश्नावरूनच ब्रिटनमधील आर. एस. पी. सी. ए. ही प्राणिरक्षण संस्था शाळांतील उबवणीला विरोध करते. मुले हा प्रश्न विचारणारच. परत घेतलेली पिल्ले कोठे जातील, हे व्यापाऱ्याने अंडी देण्यापूर्वीच शाळेला लेखी सांगावे. ज्याच्याकडे त्यांच्यासाठी जागा आणि खाद्य नाही, त्याने ही मागणी स्वीकारू नये.