चांदीत रंगलेलं प्रश्नचिन्ह

सुरतेची अस्सल जरी ज्याने हातात धरली आहे त्याला ठाऊक असतं, की चांदीची तार केसाहून बारीक ओढता येते. आता त्याहून कितीतरी बारीक धागा डोळ्यांसमोर आणा. इतका बारीक, की असे पाचशे ते हजार धागे शेजारी शेजारी मांडले तर कुठे एका केसाची जाडी भरेल. आणि हा धागा जिवंत आहे! स्प्रिंगसारखा वळलेला, टोकांना आकडी असलेला, स्वतःभोवती गिरक्या घेत पाण्यातून पुढे सरकणारा. त्याचं नाव लेप्टोस्पायरा.

उंदीर आणि सुरत म्हटलं की आपल्याला १९९४ चा प्लेग आठवतो. पण दक्षिण गुजरातच्या गावांत उंदरामुळे येणारा दुसराही एक आजार आहे, आणि तो दर पावसाळ्यात येतो. सुरत, तापी, नवसारी, वलसाड या जिल्ह्यांत भातलावणी सुरू झाली, माणसं दिवसदिवस गुडघाभर चिखलात उभी राहिली, की दवाखान्यांत तापाचे रुग्ण येऊ लागतात. उंदीर, घुशी, गाईम्हशी यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा खाचरात उतरलेला असतो. पायाला भेग किंवा कोयत्याचा लहानसा ओरखडा असेल, तर तेवढी वाट त्याला पुरते. डोळ्यांच्या आणि नाकातोंडाच्या ओल्या त्वचेतूनही तो आत शिरतो.

त्याचा पुढचा प्रवास वाचून मी थक्क झालो. लघवीत जंतू सापडले, असं रिपोर्टमध्ये येतं तेव्हा बहुतेक वेळा ते खालून वर चढलेले असतात. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू मूत्रमार्गाने मूत्राशयात जातो, तिथून कधी मूत्रपिंडात आणि वेळ वाईट असेल तर रक्तात. लेप्टोस्पायराचा रस्ता नेमका उलटा. तो आधी रक्तात असतो आणि मग लघवीत येतो.

येतो कसा? आपली दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत घेतात. ही गाळणी इतकी बारीक, की रक्तातली मोठी प्रथिनंसुद्धा सहसा पलीकडे जात नाहीत. जंतू तर त्यांच्या मानाने डोंगराएवढा. लेप्टोस्पायरा गाळणीच्या वाटेला जातच नाही. केशवाहिन्यांतून बाहेर पडून, मूत्रपिंडाच्या पेशींचा थर भेदून, तो थेट लघवीच्या सूक्ष्म नळ्यांमध्ये उतरतो. पहिल्या आठवड्यात तो रक्तभर फिरत असतो. मग शरीर प्रतिपिंडं तयार करतं, रक्त स्वच्छ होत जातं. पण नळ्यांच्या आतल्या भिंतीला बिलगलेल्या जंतूंपर्यंत ती प्रतिपिंडं नीट पोहोचत नाहीत. दुसऱ्या आठवड्यापासून लघवीतून जंतू बाहेर पडू लागतात. म्हणजे रुग्ण तोच, जंतूही तोच; पण चौथ्या दिवशी शोधायचा तो रक्तात, आणि बाराव्या दिवशी लघवीत.

उंदराच्या शरीरात हीच वस्ती बहुधा कायमची होते. तिथे जंतू नळ्यांच्या भिंतीवर थर करून राहतात, उंदराला फारसा त्रास होत नाही, आणि तो महिनोन्‌महिने, कधी आयुष्यभर, शेतात जंतू सोडत राहतो. माणसाच्या आम्लधर्मी लघवीत मात्र हा जंतू फार टिकत नाही. म्हणून माणसाकडून माणसाला हा आजार क्वचितच होतो. ओलसर माती आणि साचलेलं पाणी त्याला मानवतं, तिथे तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. कोरडं पडलं की मरतो.

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही, नेहमीचे रंग नीट घेत नाही. द्रव निर्जंतुक करण्यासाठी प्रयोगशाळेत वापरतात त्या गाळणीतूनही तो निसटतो. १९०७ मध्ये आर्थर स्टिमसन या अमेरिकी डॉक्टरने एका रुग्णाच्या मूत्रपिंडाचा तुकडा चांदीच्या क्षारांनी रंगवला. तो रुग्ण पीतज्वराने दगावला, असं सगळे धरून चालले होते. नळ्यांमध्ये स्टिमसनला प्रश्नचिन्हासारखे वळलेले धागे दिसले, म्हणून त्याने जंतूच्या नावात ‘इंटरोगान्स’ घातलं. प्रश्न विचारणारा! पुढे काही वर्षांतच जपानमध्ये र्योकिची इनाडा आणि सहकाऱ्यांनी कोळसा खाणकामगारांच्या आजारामागे हाच जंतू असल्याचं सिद्ध केलं. आजही तो जिवंत पाहायचा तर काळ्या पार्श्वभूमीचा खास सूक्ष्मदर्शक लागतो. त्यात तो काळ्या रेशमावरच्या जरीसारखा चमकतो.

हे सौंदर्य जीवघेणं आहे, हेही सांगायला हवं. ताप, पोटऱ्यांत असह्य ठणका, लालबुंद डोळे ही सुरुवातीची लक्षणं. बिघडलं तर कावीळ, लघवी कमी होणं, फुप्फुसात रक्तस्राव. वेळेत उपचार मिळाले तर पेनिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी जुनी, स्वस्त औषधं काम करतात. मुंबईतही २६ जुलै २००५ च्या ९४४ मिलिमीटर पावसानंतर या आजाराने डोकं वर काढलं होतं. शहराचा रस्ताही पाण्याखाली गेला की खाचरच होतो.

खान्देशातली हजारो कुटुंबं सुरतेत राहतात, आणि आपल्या कोकणातही भातलावणी चिखलातच होते. म्हणून एक विनंती. पावसाळ्यात ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. साचलेल्या पाण्यात किंवा चिखलात उभे होतो हे सांगा, आणि ताप येऊन आज कितवा दिवस आहे तेही सांगा. जंतू रक्तात शोधायचा की लघवीत, हे त्या आकड्यावर ठरतं.