गायनशाळेने काय दिले?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, ‘आता पुढे काय?’ मुलाला बहुधा उत्तर ठाऊक नसते आणि वडिलांना ते फार लवकर ठाऊक असते. आमच्या घरी तर ते माझ्या जन्माआधीच ठरले होते. आजोबा बडोदे दरबारच्या कलावंत खात्यात होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले, तरी राजवाड्यातल्या सणा-समारंभांना वडील गात राहिले आणि लोकही त्यांना दरबारगवईच म्हणत राहिले. त्यांच्या मुलाने गवई व्हावयाचे, यात विचारावयाचे ते काय? पण नेमून दिलेली वाट आणि आपल्याला सापडलेली वाट यांत अंतर असते, हे मला सुरसागराकाठच्या संगीत महाविद्यालयात कळले. जुन्या बडोदेकरांची ती गायनशाळा.

सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांनी ही शाळा काढली. त्या काळी गाणे शिकावयाचे म्हणजे उस्तादाच्या घरी राहावयाचे आणि त्याची मर्जी सांभाळावयाची. मौलाबक्षांनी स्वरलिपी बसविली, क्रमिक पुस्तके छापली आणि गवयाच्या घरात न जन्मलेल्या मुलांनाही वर्गात बसवून सूर शिकविले. त्या वर्गातून सगळेच गवई झाले नाहीत, होणारही नव्हते. परंतु ‘हे आपले काम आहे की नाही’ हे अजमावून पाहण्याची सोय मात्र गावातल्या मुलांना झाली. मला वाटते, महाराजांच्या या देणगीचे खरे मोल तेच.

बडोद्याचीच दोन उदाहरणे पाहा. मौलाबक्षांचे नातू इनायतखाँ १८८२ साली येथेच जन्मले, आजोबांच्या छायेत गाणे-वाजवणे शिकले आणि गायनशाळेत शिकवूही लागले. घराण्याचा वारसा चालविण्यास याहून योग्य कोण? तेच इनायतखाँ १९१० साली अमेरिकेस गेले आणि पुढे सूफी विचाराचे आचार्य म्हणून पश्चिमेत ओळखले गेले. उलट श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे पोलीस खात्यातल्या गृहस्थाचे चिरंजीव. बडोदे दरबारच्या शिष्यवृत्तीवर ते फैयाजखाँसाहेबांकडे शिकले आणि लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. एकाला गाण्याने घराबाहेर नेले, दुसऱ्याला परक्या घरातून गाण्याकडे आणले.

माझी गोष्ट इतकी मोठी नाही. घरी मी वडिलांच्या मागे तंबोऱ्यावर बसे आणि तान फेकताना मनात एकच विचार असे, अण्णांसारखी आली का? महाविद्यालयात अण्णा नव्हते. तिसऱ्या वर्षी आमच्या गुरुजींनी मला पहिल्या वर्षाच्या मुलांकडून पलटे घोटवून घेण्यास सांगितले. एका मुलाचा कोमल रिषभ काही केल्या बसेना. कधी भैरवातून, कधी नुसत्या षड्जावरून उतरून, मी चार दिवस त्याच्यामागे लागलो. पाचव्या दिवशी तो स्वर जागेवर आला, तेव्हा झालेला आनंद मला स्वतःच्या कुठल्याही मैफलीने दिला नव्हता. आपण शिकवावयाचे, हे मला त्या दिवशी उमगले.

अण्णांना ते रुचले नाही. “अरे, वर्गात गाणे शिकवता येते, गवई घडत नाही,” असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण वर्गात गवयाखेरीज पुष्कळ काही घडते, हे मी आता रोज पाहतो. माझ्याकडे एक विद्यार्थी होता. दोन वर्षे झाली तरी त्याचा गळा मोकळा झाला नाही. मात्र तंबोऱ्याची जवारी बिघडली की ती पहिल्यांदा त्याच्याच कानाला खुपे. घोडीवरच्या तारेखालचा सुताचा धागा किंचित सरकवून तो असा झंकार काढी की गाणाराही थांबून ऐके. आज तो वाद्यांची दुरुस्ती करतो आणि माझे सगळे तंबोरे त्याच्याकडे जातात. वर्गात बसला नसता तर त्याला आपला कान सापडलाच नसता. आणि सुरुवातीलाच त्याला कोणी ‘पुढे काय होणार?’ असे विचारले असते, तर ‘जवारी काढीन’ हे उत्तर त्याच्या स्वप्नातही आले नसते.

अण्णांनी माझ्या मास्तरकीला तोंडाने कधीच मान्यता दिली नाही. पण पुढेपुढे कोणी मुलगा शिकावयास आला की ते म्हणत, “आधी आमच्या मुलाकडे वर्षभर बस. सुराची ओळख झाली की ये.” मला तेवढे पुरले.

म्हणून आईबापांना एवढेच सांगणे आहे. मुलगा गायनशाळेत जावो, तंत्रशाळेत जावो की चित्रकलेच्या वर्गात जावो, त्याला दोन वर्षे हात चालवू द्या. रोज उत्तर मागू नका. काम हातात असले म्हणजे आपले काय आणि आपले काय नाही, हे त्याचे त्यालाच कळू लागते.