रिकाम्या फोल्डरातली मराठी

सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू आणि कन्नड कानावर पडते. ‘लिब्रेऑफिस’ या मोफत सॉफ्टवेअरच्या सोर्स कोडमध्येही या तिन्ही भाषांची फोल्डरं एकाच ठिकाणी आहेत: ‘एमआर’, ‘टीई’ आणि ‘केएन’. मात्र ती मुख्य कोडात नाहीत. ती आहेत आतल्या वेगळ्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडाच्या भांडारात, आणि ती वेगळी मागवावी लागते.

2010 साली ओपनऑफिसपासून वेगळ्या झालेल्या लिब्रेऑफिसचा कोड ‘गिट’ या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत सांभाळला जातो. ‘कोअर’ या मुख्य रिपॉझिटरीच्या पोटात तीन सबमॉड्यूल, म्हणजे आतल्या रिपॉझिटरी, आहेत: शुद्धलेखनाचे शब्दकोश, मदतीची पानं आणि भाषांतरं. गंमत अशी, की गिट या आतल्या रिपॉझिटरींच्या फायली ‘कोअर’मध्ये ठेवतच नाही. कोणती नेमकी आवृत्ती हवी ते सांगणारी 40 अक्षरांची खूण तेवढी नोंदवतो, पत्ता ‘.गिटमॉड्यूल्स’ या छोट्या फायलीत असतो. म्हणून नुसतं ‘गिट क्लोन’ करून कोडाची प्रत घेतली, तर ‘ट्रान्सलेशन्स’ हे फोल्डर दिसतं खरं, पण उघडावं तर आत काहीच नाही. ‘रिकर्स-सबमॉड्यूल्स’ हा पर्याय जोडला, की ते भरतं.

आणि सॉफ्टवेअर बांधताना भाषा सांगितलीच नाही, तर काहीही न बिघडता फक्त इंग्रजी लिब्रेऑफिस तयार होतं. कुठेही चूक दाखवली जात नाही, म्हणूनच ही उणीव सहज नजरेतून सुटते.

पॅकेज बनवणाऱ्यांची खरी कसोटी पुढे आहे. डेबियन या लिनक्स वितरणाच्या नियमानुसार पॅकेज बांधलं जात असताना इंटरनेटवरून काहीही ओढायचं नाही. फेडोरा या दुसऱ्या वितरणाची यंत्रणाही तेच पाळते. न तपासलेला कोड मध्येच शिरू नये, हा त्यामागचा रास्त आग्रह. त्यामुळे सगळे भाग आधीच हाताशी हवेत. गिटहब हे कोड ठेवण्याचं संकेतस्थळ आपोआप जी झिप फाईल देतं, तिच्यात सबमॉड्यूल नसतात. लिब्रेऑफिस मात्र दर आवृत्तीला मुख्य कोड, शब्दकोश, मदत आणि भाषांतरं यांच्या वेगवेगळ्या टारबॉल (एकत्र बांधलेल्या) फायली प्रसिद्ध करतं. चारही एकाच आवृत्तीच्या घ्याव्या लागतात. भाषांतरं जुनी राहिली, तर नव्या मेन्यूंची नावं मराठीच्या मध्येच इंग्रजीत उमटतात.

हे जमून आलं, की ‘विथ-लँग’ या पर्यायापुढे ‘एमआर टीई केएन’ लिहून सोलापूरच्या तिन्ही भाषा एकाच बांधणीत मिळवता येतात. एवढी खटपट नको असेल, तर डेबियनमध्ये मराठीचं ‘लिब्रेऑफिस-एल10एन-एमआर’ हे पॅकेज तयारच मिळतं.