शिक्का मारतात, हमी देत नाहीत

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात खरेदीखत नोंदवायचं, तर पहिल्या पानाचा वरचा उजवा कोपरा कोरा सोडावा लागतो: तीन इंच बाय पाच इंच. अक्षरं दहा पॉइंटांपेक्षा बारीक नकोत. नियम मोडला तर जादा शुल्क. त्या कोऱ्या जागेत नोंदणी कार्यालय आपला दस्त क्रमांक, तारीख आणि वेळ उमटवतं.

यातली वेळ फार मोलाची. एकच घर दोघांना विकलं गेलं आणि आधीच्या व्यवहाराचा पत्ता नसलेल्या दुसऱ्या खरेदीदाराने आपला दस्त पहिल्याच्या आधी नोंदवला, तर घर दुसऱ्याचं. मात्र विकणारा खरोखर मालक होता का, हे कार्यालय पाहत नाही. ते शिक्का मारतं, दस्त जपतं आणि मागेल त्याला दाखवतं. शिकागो शहर ज्या कुक काउंटीत येतं (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा), तिथे प्रत्येक मिळकतीला चौदा अंकी क्रमांक असतो. तो किंवा मालकाचं नाव हाती असलं की शेजाऱ्याचं घर कोणत्या बँकेकडे गहाण आहे, हेही शोधता येतं. भोचकपणाची ही सरकारमान्य सोय आपल्याला अगदीच अनोळखी नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याने आपल्याकडेही सूची क्रमांक दोन शुल्क भरणाऱ्या कोणालाही खुली ठेवली आहे, आणि आपला दुय्यम निबंधकही मालकीची हमी देत नाही.

मग मालक कोण, हे ठरवायचं कोणी? विकणाऱ्याने कोणाकडून घेतलं, त्याने कोणाकडून, अशी एकेक कडी मागे तपासत जायचं. शिकागोत हे काम खाजगी कंपन्या करत. त्यांची माणसं काउंटीत नोंदवलेल्या दस्तांची टिपणं रोज उतरवून घेत आणि जमिनीच्या तुकड्यांप्रमाणे वह्यांत लावत. सरकारी माहिती पुन्हा लिहून विकण्याचा हा धंदा १८७१ च्या ऑक्टोबरपर्यंत कोणाला फारसा थोर वाटला नसावा.

त्या महिन्यात शिकागो जळालं. ९ तारखेच्या पहाटे न्यायालयाची इमारत कोसळली आणि काउंटीचे सगळे जमीन-दस्त राख झाले. तीन कंपन्यांच्या वह्या मात्र काही प्रमाणात वाचल्या. त्यांपैकी एकीचे भागीदार जॉन शॉर्टॉल यांना वह्या हलवायला गाडी मिळाली ती पिस्तुलाच्या धाकाने, अशी हकीकत सांगतात. तिघांच्या वह्या एकत्र केल्यावर शहराचा बराचसा इतिहास जुळला. १८७२ मध्ये राज्याने ‘जळित दस्त कायदा’ केला आणि या खाजगी टिपणांना न्यायालयात पुरावा म्हणून स्थान मिळालं. त्याच धंद्यातून वाढलेली शिकागो टायटल ही कंपनी आजही मालकी हक्काचा विमा विकते. सरकार देत नाही ती हमी ग्राहक हप्ता भरून घेतो.

सरकारनेच हमी द्यावी, हाही प्रयोग झाला. रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रुजवलेली पद्धत इलिनॉयने १८९७ च्या कायद्याने आणली: एकदा चौकशी करून काउंटीने मालकीचं प्रमाणपत्र द्यायचं, मागचं उकरायचं नाही. कल्पना देखणी होती, पण कारभार संथ. १९९० च्या दशकात कुक काउंटीने ती गुंडाळली. दस्त नोंदणीचं स्वतंत्र निवडून दिलेलं पदही २०१६ च्या सार्वमतानंतर रद्द ठरलं आणि डिसेंबर २०२० मध्ये काम काउंटी क्लार्ककडे गेलं.

नोंदवलेला कागद आणि खरा कागद यांत किती अंतर असू शकतं, ते कार्ल हॅन्सबेरी यांच्या खटल्यात दिसलं. १९३७ मध्ये या कृष्णवर्णीय गृहस्थांनी शिकागोत घर घेतलं. त्या भागातल्या घरमालकांनी, कृष्णवर्णीयांना घर द्यायचं नाही असा करार आधीच नोंदवून ठेवला होता. रस्त्याकडच्या हद्दीच्या ९५ टक्के भागाच्या मालकांनी सह्या केल्या तरच तो लागू होणार होता. प्रत्यक्षात सह्या होत्या सुमारे ५४ टक्क्यांच्या. आधीच्या एका दाव्यात ९५ टक्के पुरे झाल्याचं दोन्ही बाजूंनी मान्य केलं होतं, म्हणून राज्याच्या न्यायालयांनी तेच धरून हॅन्सबेरींविरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये तो फिरवला, पण आधीच्या दाव्यात जे पक्षकार नव्हते त्यांना त्या दाव्याचा निकाल बंधनकारक नाही, एवढ्याच मुद्द्यावर. असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, हे ठरायला १९४८ उजाडलं. इलिनॉयच्या २०२१ च्या कायद्याने आजच्या मालकांना अशा करारांत दुरुस्ती नोंदवायची मुभा दिली आहे. दुरुस्तीचा दस्त वेगळा नोंदवतात, आणि त्यालाही वरच्या उजव्या कोपऱ्यात क्रमांक पडतो.