रंगाचा उगम : फॅशनविषयक प्रणय-विनोदी चित्रपट आणि बोईसर-तारापूरची वस्त्रनिर्मिती

नोकरीच्या जागी फुलणारे प्रेम आणि वेशभूषेच्या जगातील गंमत यांची सांगड घालणारे चित्रपट हा प्रणय-विनोदी चित्रपटांचा एक परिचित उपप्रकार आहे. त्याची घडण बहुतांशी ठरलेली असते. पोशाखाबाबत उदासीन असलेली एखादी तरुणी फॅशनच्या जगात येऊन पडते. तिचा पेहराव बदलतो, त्यापाठोपाठ तिचे नातेसंबंध बदलतात आणि आपण नेमके कोण, याचा निर्णय तिला अखेरीस घ्यावा लागतो. अशा चित्रपटांत ‘काम’ म्हणून काय दाखविले जाते आणि काय पडद्याबाहेर राहते, याचा विचार प्रस्तुत लेखात पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात केला आहे. हा परिसर निवडण्याचे कारण असे की, येथे कापड विणले जाते, रंगविले जाते आणि ते रंगविण्यासाठी लागणारी रसायनेही येथेच तयार होतात.

रंगाचा हुकूम

स्टॅन्ली डोनेन दिग्दर्शित ‘फनी फेस’ (1957) या चित्रपटाच्या आरंभीच एका फॅशन मासिकाची संपादिका यापुढे सर्वत्र गुलाबी रंग असावा, असे फर्मान काढते. पाहता पाहता कचेरीची दारे आणि बायकांचे कपडे गुलाबी होतात. ती स्वतः मात्र तो रंग अंगाला लावून घेत नाही. हा विनोद वरवरचा नाही. रंग ठरविणारी व्यक्ती आणि तो वापरणारी व्यक्ती भिन्न असतात, ही या व्यवसायातील गोष्ट त्यात सहज सांगितली गेली आहे.

लॉरेन वाइजबर्गर यांच्या 2003 मधील कादंबरीवर आधारलेल्या ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’ (2006) या चित्रपटात हाच मुद्दा अधिक तपशिलाने येतो. डेव्हिड फ्रँकेल दिग्दर्शित या चित्रपटात मेरिल स्ट्रीप यांनी मिरांडा ही संपादिका, तर ॲन हॅथवे यांनी अँडी ही तिची नवखी साहाय्यक रंगविली आहे. सारख्याच भासणाऱ्या दोन पट्ट्यांतून एक निवडताना सर्वांची चाललेली घालमेल पाहून अँडीला हसू फुटते. त्यावर मिरांडा तिच्या अंगातील स्वेटरचा निळा रंग नेमका कोणता आहे, हे सांगते आणि ‘सेरुलियन’ नावाची ती छटा नामवंत डिझायनरांच्या संग्रहांतून मोठ्या दुकानांत व तेथून सवलतीच्या ढिगाऱ्यात कशी उतरत गेली, याची वंशावळच मांडते. त्या रंगामागे अगणित लोकांच्या नोकऱ्या आहेत, याचाही ती उल्लेख करते. मात्र त्या नोकऱ्यांपैकी कापड प्रत्यक्ष रंगविणाऱ्याची नोकरी चित्रपटात कोठेही दिसत नाही.

मराठीतील एक जवळचे उदाहरण

मराठीत या उपप्रकाराशी काटेकोरपणे जुळणारा चित्रपट शोधण्यापेक्षा सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) या चित्रपटाकडे पाहणे अधिक फलदायी ठरते. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (1966) या हिंदी चित्रपटावर तो आधारलेला असून पटकथा-संवाद वसंत सबनीस यांचे आहेत. अशोक सराफ यांचा धनंजय माने सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नोकरी करतो आणि दुकानाची मालकीण माधुरी (अश्विनी भावे) हिच्याशी त्याचे सूत जुळते. कामाच्या जागेवरील प्रणय येथे आहे. पण वेषांतराचे कारण निराळे आहे. पुण्यात डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून दोघे मित्र साड्या नेसतात. पाश्चात्त्य चित्रपटातील नायिका नव्या पोशाखाने प्रतिष्ठा मिळविते. येथे त्याच पोशाखाने भाड्याची खोली मिळते. महाराष्ट्रातील नोकरदार प्रेक्षकाला ही निकड अधिक जवळची वाटली, यात नवल नाही. माधुरीची लिंबू रंगाची साडी आजही प्रेक्षकांच्या स्मरणात आहे, हेही येथे नोंदविण्याजोगे आहे. एखादी छटा चित्रपटामुळे लोकभाषेत कशी रुजते, याचे हे उत्तम उदाहरण होय. तिला तिकडच्यासारखे भारदस्त नाव मिळाले नाही, भाजीबाजारातले मिळाले. म्हणूनच कदाचित ती अधिक टिकली.

छटा जुळविण्याचे काम

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या या वसाहतीचे नाव तारापूर असले तरी तिचे रेल्वे स्थानक बोईसर आहे. तारापूर हे गाव पश्चिमेस किनाऱ्यालगत आहे. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी, 2013 मध्ये, विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या सुरू झाल्या. पोलाद, औषधे व रसायने यांबरोबरच वस्त्रोद्योग हा या वसाहतीचा जुना आधार आहे. सियाराम सिल्क मिल्ससारख्या, जाहिरातींमुळे घरोघरी पोहोचलेल्या कंपनीचे उत्पादनही येथे होते.

मागावरून उतरलेले कोरे कापड लगेच रंग घेत नाही. प्रथम त्यातील खळ काढावी लागते, नंतर ते उकळून स्वच्छ व विरंजित करावे लागते. सुती कापडासाठी वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग मीठ व सोडा यांच्या साहाय्याने धाग्याशी रासायनिक बंध जोडतात. पॉलिएस्टरसाठी डिस्पर्स रंग लागतात आणि ते सुमारे 130 अंश सेल्सिअस तापमानास, बंद यंत्रात दाबाखाली धाग्यात शिरतात. त्याआधी प्रयोगशाळेत कापडाच्या लहान तुकड्यांवर छटा जुळवून ग्राहकाची मान्यता घ्यावी लागते. यास ‘लॅब डिप’ म्हणतात. दोन तुकडे दिवसाच्या उजेडात अगदी एकसारखे दिसतात आणि दुकानातील दिव्याखाली वेगळे पडतात. म्हणून प्रकाश बदलता येणाऱ्या पेटीत ठेवून ते पुन्हा पुन्हा पाहावे लागतात. छटा किंचित हुकली तरी सारा माल परत येऊ शकतो.

या पार्श्वभूमीवर त्या दोन पट्ट्यांचा प्रसंग वेगळा दिसू लागतो. अँडीचे हसू प्रेक्षकाला आपले वाटते. परंतु छटा जुळविणारा कामगार तो प्रसंग पाहील, तर तो बहुधा मिरांडाचीच बाजू घेईल. सूक्ष्म भेद ओळखणे हे संपादिकेच्या लेखी अभिरुचीचे लक्षण आहे. कामगाराच्या लेखी तो पोटापाण्याचा प्रश्न आहे.

मिरांडाने सांगितलेल्या वंशावळीत आणखी एक पिढी गाळली गेली आहे. रिॲक्टिव्ह रंगाचा सर्वच भाग धाग्याला चिकटत नाही. काही भाग पाण्याशी संयोग पावून निरुपयोगी होतो व सांडपाण्यात जातो. सुती कापडावरील फिरोजी छटांसाठी वापरले जाणारे तांबेयुक्त रंग तर यासाठी कुप्रसिद्ध आहेत. तारापूरमध्ये कापड रंगविण्याबरोबर रंग व रंगांसाठी लागणारी मध्यवर्ती रसायनेही बनत असल्याने हा भार दुहेरी होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्राकडे जाते आणि त्या किनाऱ्यावर मासेमारीवर जगणाऱ्यांची गावे आहेत. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. त्या प्रकरणात रंगउद्योग एकटा दोषी होता, असे म्हणता येणार नाही. औषधनिर्मिती व अन्य रासायनिक कारखानेही त्याच वाहिनीवर आहेत. तरीही कपड्यांच्या रंगाची गोष्ट सांगताना हा किनारा वगळता येत नाही.

शिवणयंत्रापर्यंत आलेला कॅमेरा

हिंदीत शरत कटारिया यांच्या ‘सुई धागा’ (2018) या चित्रपटाने कॅमेरा काहीसा खाली आणला. नायक मौजी (वरुण धवन) शिवणयंत्रांच्या दुकानात नोकर आहे, तर त्याची पत्नी ममता (अनुष्का शर्मा) भरतकाम जाणते. रुग्णालयात असलेल्या आईसाठी मौजीने शिवलेली मॅक्सी पाहून इतर रुग्णही तशी मागणी करतात. या घटनेतून त्यांचा व्यवसाय उभा राहतो. येथे फॅशनचा आरंभ गरजेतून होतो, वरून आलेल्या हुकमातून नव्हे. दोघांच्या कल्पनेवर दुसऱ्याने हक्क सांगणे हा कथेतील कळीचा प्रसंग आहे. पालघर जिल्ह्यात त्याला विशेष अर्थ आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेलेली वारली चित्रे आज असंख्य कुर्त्यांवर व साड्यांवर यंत्राने छापली जातात. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु छापील कुर्ता विकत घेणाऱ्याला त्यामागचे पाडे ठाऊक असतातच असे नाही.

असे असले तरी ‘सुई धागा’तही कापड दुकानातून तयार येते. ज्या टप्प्यावर ते रंगते, तेथे हा चित्रपटही थांबत नाही. वस्तुतः प्रणय-विनोदी कथेला लागणारे सारे साहित्य त्या टप्प्यावर उपलब्ध आहे. पाळ्यांच्या वेळा सांभाळणारी दोन माणसे, बोईसर स्थानकावर चुकलेली लोकल आणि प्रयोगशाळेतील पेटीत एका प्रकाशात जुळणारे, दिवा बदलताच वेगळे पडणारे दोन तुकडे. पटकथाकाराला फॅशनच्या राजधानीत जाण्याची गरज नाही. चर्चगेटहून विरारला आणि तेथे डहाणूची गाडी धरून बोईसरला उतरणे पुरेसे आहे.